हरसूलच्या बाजारात गेलेली किल्ली

अर्जदार : एका माध्यमिक शाळेचे निवृत्त शिपाई, राहणार नाशिक. घटनेचा दिवस : हरसूलचा आठवडे बाजार. साक्षीदार : एक, शेवटी नमूद.

सदर गृहस्थ तहसील कचेरीबाहेरील माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी आले, तेव्हा त्यांच्या हाती शाळेचा छापावयाचा इतिहास होता. ‘शाळा सुट्टीवाचून एक दिवसही बंद राहिली नाही,’ या वाक्यावर त्यांनी घंटेवर टोल द्यावा तसे बोट आपटले.

“हे लबाड हाय, भाऊसाहेब. शाळेची किल्ली खिशात घेऊन मी बाजाराला गेलतो. दिवसभर कुलूप व्हतं. लिहा.”

स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेला पक्षकार मी प्रथमच पाहिला. “मामा, लोक चुका खोडायला येतात,” मी कायदेशीर सल्ला दिला.

“जन्मभर घंटा वेळेवर दिली, तिची एक ओळ नाय पुस्तकात. त्या दिवशी मात्र हेडमास्तरांसकट समदी शाळा फाटकात माझी वाट बघत व्हती.”

नाव विचारता म्हणाले, “शिपाई लिहा, तेवढं पुरे,” आणि सवयीने घड्याळ पाहिले.

साक्षीदार मी स्वतः. त्या दिवशी माझा आठवीचा गणिताचा पेपर टळल्याने फाटकाबाहेर उभे राहून मी या गृहस्थांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना केली होती. ती फळास आलेली दिसते.

सबब, सदर दिवस इतिहासात दाखल करून शाळेने लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. अर्जदार शाळेच्या फाटकात वाट पाहत आहेत.