लीड्सच्या मावशीचं जपान

जपानच्या खेड्यापाड्यांची माझ्या लीड्सच्या मावशीइतकी माहिती असलेला माणूस खुद्द जपानातही सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि तिने जपानात एकदाही पाऊल ठेवलेलं नाही, ही त्यातली अगदीच किरकोळ बाब आहे. तिचं सगळं आयुष्य हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेलं. पेशंटला श्वास रोखायला सांगायची आणि तेवढ्यात जपानातला नाचीचा धबधबा कुठून चांगला दिसतो तेही सांगून टाकायची. पेशंट बिचारा श्वास कधी सोडायचा याची वाट बघत राहायचा. जपानला निघालेलं कोणीच तिच्या तावडीतून सुटत नसे. माझ्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातल्या एका मित्राने टोक्योचं बुकिंग केलंय, असं मी फोनवर बोलून गेलो, तर म्हणाली, "गर्दीच बघायची असेल तर शनिवारी लीड्स स्टेशनवर ये म्हणावं, मी दाखवते!" आणि त्याला तिने कीसो खोऱ्यातल्या जुन्या वाटेने मागोमेहून त्सुमागोपर्यंत चालायला लावलं. तो परत आला तो तिचा भक्त होऊनच. त्या वाटेवर अस्वलांना बुजवायला जागोजागी घंटा टांगल्यात, हे कळल्यापासून यॉर्कशरच्या डोंगरांत फिरताना मावशीच्या सॅकलाही घंटा लागली. "अगं, इथे अस्वलं नाहीत," मी म्हटलं. "मग काय, आल्यावर शिकायचं?" ती म्हणाली. अस्वल कधी आलं नाही, मेंढ्या मात्र तिच्या मागून ओळीने यायच्या.

रोज चहाच्या वेळी ती काकांना एकेक जागा 'दाखवायची'. काका मितभाषी. कप दोन्ही हातांत धरून डोळे मिटून ऐकायचे. त्यांची आवडती जागा म्हणजे तादामी नदी. उन्हाळ्यातल्या पहाटे पाण्यावर धुकं उतरतं, डोंगर एकामागे एक फिके होत जातात आणि पुलावरून एक छोटीशी आगगाडी हवेतून चालल्यासारखी निघून जाते. दिवसातून मोजक्याच गाड्या. हुकली की बसा. मावशी हे अशा आवाजात सांगायची, की त्यांच्या कौन्सिलच्या बागेकडे उघडणाऱ्या खिडकीतूनसुद्धा पाण्याचा वास येतोय असं वाटायचं. सोफ्यावर मला कितीदा तरी अशीच डुलकी लागली आहे, आणि जाग आल्यावर आपण इंग्लंडात आहोत हे लक्षात यायला जरा वेळ लागला आहे.

रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून जायचं, असं ठरलं होतं. पण तोवर काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग बसचा नंबर, मग माझं नाव. इतका लांबचा प्रवास त्यांना झेपणं शक्यच नव्हतं. शेवटी मी आणि बायकोनेच हट्ट धरला, की काका आमच्याकडे राहतील, तू एकटी जाऊन ये. ती कशीबशी तयार झाली. मी काकांना न्यायला गेलो तेव्हा तिची बॅग भरणं चाललं होतं. काका दारात येऊन उभे राहिले.

"अगं, परत चाललीस जपानला?"

"परत म्हणजे?"

"मागे नव्हतो का गेलो आपण? त्या नदीवर. धुक्यात काही दिसेना. मी म्हटलं, चल, निघू. तू म्हणालीस, थांबू या अजून जरा. मग आली ती गाडी. किती घट्ट धरला होतास माझा हात!"

मावशी बॅगेशेजारीच पलंगावर टेकली. मग मला हळूच म्हणाली, "हाताचं मी कधीच सांगितलं नव्हतं रे."

ती गेली नाही. मी चिडलो, वाद घातला. तिने शांतपणे बॅगेतले स्वेटर परत कपाटात लावले.

आता चहाच्या वेळी सांगायचं काम काकांकडे आलं आहे. ते कुठल्याच गाइडबुकात नसलेलं जपान सांगतात. एका स्टेशनवर कुण्या म्हातारीने दोघांना फळं दिली होती म्हणे, मावशीची शाल बाकावर राहिली होती आणि मग दोघं अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. जगाला जपानचं खोरंनखोरं सांगणारी माझी मावशी नुसती ऐकत असते. परवा मी गेलो तेव्हा ते म्हणत होते, "...आणि मग तू एकदम हसलीस."

"का हो हसले मी?"

काका कप तसाच धरून आठवत राहिले. मावशी वाट बघत राहिली.