रिकामा पाळणा

दुपारी मी मोबाइलवर पियानो ऐकत होते. परदेशातला एक जुना संगीतकार. खेडोपाडी हिंडून बायकांची गाणी ऐकायचा. स्वतःची मुलगी वारल्यावर त्यातल्याच एका गाण्यावरून त्याने ही रचना केली.

शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "अंगाई आहे ना ही? बाळ कुठंय?"

"बाळ गेलं, आई. त्यानंतर केलीय त्याने."

"मग बंद कर. रिकामा पाळणा हलवू नये."

म्हणजे इतकी वर्षं, कुठल्या ना कुठल्या घरात ही रचना वाजते आणि तो पाळणा हलतोच आहे! मी पियानो बंद केला. आईचा हात मात्र पाळण्याची दोरी ओढावी तसा संथ हलत राहिला.

मी एकुलती एक. आणि मला तर ती साडीच्या झोळीत निजवायची. पाळणा आमच्याकडे कधी नव्हताच, असं तीच सांगते.