ठकू की बिरू

लग्नकार्यात कुणीतरी विचारतं, "सरू, तू काय काम करतेस गं?" मी सांगते, "आम्ही मोबाइलचे गेम बनवतो." पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नेमकं काय?" नेमकं मला सांगता येत नाही, म्हणून मी एखादा किस्सा सांगते. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. परवा एका मांडवात पंगत उठली, पुढची बसायला आली, तरी मी सांगतच होते. शेवटी वाढपी म्हणाला, "ताई, तुमचं होऊ द्या, पण ताट उचलू का?"

यातले बरेचसे किस्से आमच्या पहिल्या गेमचे आहेत. दुष्काळाची वर्षं होती. शहर मात्र जोरात वाढत होतं. जिकडं बघावं तिकडं नव्या बिल्डिंगचा पाया खणलेला आणि जुन्या बिल्डिंगच्या नळाला पाणी नाही. तिथल्या सिडको वसाहतीत एका पिठाच्या गिरणीवर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. कीबोर्डवर कायम पिठाचा थर. मालक आणि प्रोग्रामर एकच, नितीनसर, लासूर स्टेशन गावचे. चित्रं काढायची शबाना, ती इथलीच, शहागंजची. मी जवळच्या बिडकीन गावची. गेम लोकांच्या हातात द्यायचा आणि ते कुठं अडतात, काय बोलतात ते बघायचं, हे माझं काम.

गेम साधा होता. कोरड्या मुलखातून मेंढ्या हाकत पुढची विहीर गाठायची, पोहऱ्यानं पाणी शेंदून त्यांना पाजायचं. वाटेत लांडगे, आटलेले नाले, भेगाळलेली जमीन. भेगेत पडलं की खेळ संपला. वाद एकाच गोष्टीवर होता. मेंढ्या हाकणारा पोरगा असावा की पोरगी?

*

नितीनसरांच्या मनात वाद नव्हता. "गेम पोरं खेळतात," ते म्हणाले, "पोरांना पोरगाच लागंल." म्हणून शबानानं बिरू काढला. काळा, काटक, डोक्याला लाल फेटा. दिसायला झकास. अडचण एवढीच, की बिरूनं उडी मारली की बिरू वर जायचा आणि फेटा जागच्या जागी थांबायचा. मग बिरू खाली आला की फेटा सावकाश येऊन डोक्यावर बसायचा.

"सर, ये पगडी मेरी नईं सुनती," शबाना म्हणाली.

फेटा दुरुस्त होईपर्यंत उड्या तर तपासायच्या होत्या. म्हणून तिनं दुपारभरात एक पोरगी काढून दिली. डोक्यावर काही नाही, दोन घट्ट वेण्या. नाव ठेवलं ठकू. ठकू पहिल्याच उडीत नाला पार करून गेली.

नितीनसरांनी बजावलं, "ही फक्त टेस्टिंगपुरती हां. टेम्पररी."

"हाँ सर," शबाना म्हणाली. "मला पण तुम्ही तसंच घेतलं होतं."

शबानाला तेव्हा ऑफिसात तिसरं वर्ष चालू होतं. ठकू राहिली.

*

खालच्या गिरणीवाल्या काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. लाइट गेली की गिरणी बंद, मग त्या वर येऊन बसायच्या. मी त्यांच्या हातात फोन दिला. काकू सावधपणे खेळायच्या, रस्ता ओलांडताना बघतात तशा दोन्हीकडं बघून. पहिली विहीर गाठली आणि स्क्रीनवर अक्षरं आली, 'शाब्बास, पोहोचलास.'

काकूंनी चष्मा वर केला. "अगं, ही तर पोरगी दिसतीय. तिला 'पोहोचलास' काय म्हणता?"

सगळी वाक्यं बिरूच्या वेळची होती. ती बदलायची राहून गेली होती. नितीनसर सावरून घ्यायला गेले. "काकू, ते तिला नाही म्हणलेलं. जो खेळतोय त्याला म्हणलंय."

काकूंनी फोन खाली ठेवला.

"मग मी कोण हाय?"

सरांनी ती संध्याकाळ वाक्यं बदलण्यात घालवली. 'पोहोचलीस' करावं तर कॉलेजची पोरं बिथरतील अशी भीती. शेवटी त्यांनी खेळणाऱ्याला काही म्हणणंच सोडून दिलं. 'विहीर आली.' 'मेंढ्या पोटभर प्यायल्या.' 'लांडगा पळाला.' आज कुणी आमच्या गेमच्या भाषेचं कौतुक केलं, की मला काकूच आठवतात. त्यांच्या गिरणीत मी अजूनही दळण नेते.

*

पुढं फेटा एकदाचा डोक्यावर टिकायला लागला, आणि आमच्याकडं दोन गेम झाले. एका फोनवर बिरू, दुसऱ्यावर ठकू. कोणता ठेवायचा ते ठरेना. तेवढ्यात मेंढ्यांचे आवाज रेकॉर्ड करायला सोयगावकडं जायचं निघालं. तिकडं माळावर एक मेंढपाळ कुटुंब उतरलं होतं. घरातली कर्ती बाई भामाबाई. पाणी लांबून डोक्यावर आणलेलं, तरी तिनं आधी आम्हाला चहा पाजला. नको म्हणायची सोय नव्हती.

आवाज घेऊन झाल्यावर नितीनसरांनी तिला दोन्ही फोन दाखवले. तिनं हातात घेतले नाहीत. लांबूनच बघितलं, एक झाला, मग दुसरा.

"मावशी, कोणतं बरं वाटतंय?"

"कुत्रं कुठंय?"

"कुत्रं नाही यात. मी विचारतोय, पोरगा ठेवू का पोरगी?"

"कुनीबी ठेव की," भामाबाई म्हणाली. "कुत्र्याबिगर दोघंबी टिकायचे नाय. लांडगा काय पोरगं-पोरगी बघतो व्हय?"

परत येताना गाडीत फुलंब्री मागं पडल्यावर सर म्हणाले, "शबानाला फोन कर. म्हणावं, कुत्रं काढायला घे."

*

आता कॉलेजच्या पोरांचं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाहेर चहाची टपरी होती, तिथं मी फोन घेऊन बसायचे. मी कान एकाच गोष्टीकडं ठेवायचे. भेगेत पडल्यावर पोरगा काय म्हणतो? ठकूला खेळवणारी बहुतेक पोरं "मेलो" म्हणायची. काही "मेली" म्हणायची, म्हणजे ती वेगळी आणि आपण वेगळे.

त्यात एक आकाश होता. जिमला जाणारा, दंड शर्टात मावत नव्हते, मिशीला पीळ. तो रंगून खेळत होता. लांडगा आला, त्यानं मेंढ्या फिरवल्या, कुत्रं सोडलं, आणि सगळं निभावलं असं वाटत असताना पाय घसरला.

"अरे यार, पडले ना मी!"

टपरीवर अशी हसाहस झाली, की चहावाल्यानं गॅस बारीक करून विचारलं, काय झालं. त्या दिवसापासून पोरं आकाशला ठकू म्हणायला लागली. मला वाईट वाटलं. वाटलं, आता हा पोरगा गेमला हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर तो माझी वाटच बघत होता. तो पुढं आला, तशी पोरं ओरडली, "आली बघ ठकू."

"म्हणा," आकाश म्हणाला आणि माझ्याकडून फोन घेतला. "पण आधी चौथ्या विहिरीपर्यंत पोचून दाखवा."

कुणीच पोचलेलं नव्हतं.

*

गेम बाजारात आणायला पुण्याची एक कंपनी तयार होती. तिकडून केतनसर आले, पांढऱ्या बुटांत. आमचं सगळं त्यांच्या होकारावर होतं. ते नाही म्हणाले असते, तर नितीनसर लासूरला परतले असते आणि आम्ही दोघी घरी. केतनसर खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "गेम चांगला आहे. पण मुलगी काढून टाका. मुलगी असली की मुलं डाउनलोड करत नाहीत."

नितीनसर काही बोलणार, तेवढ्यात खालून काकूंनी हाक दिली, "टँकर आला."

टँकर आल्यावर आमच्याकडं पाहुणारावळा बघत नाहीत. सर, शबाना, मी, तिघंही बादल्या घेऊन जिन्यानं पळालो. रांग, भांडणं, पाइप निसटणं, सगळं यथासांग झालं. ड्रम भरून, चिंब होऊन वर आलो तर केतनसर फोनवर वाकलेले. ठकूच खेळत होते. आम्ही आल्याचं त्यांना कळलंही नाही. चहा केला, तो निवला. नितीनसर खाकरले.

"एक मिनिट," केतनसर मान वर न करता म्हणाले. "हिला तेवढी विहिरीपर्यंत नेऊ द्या. तहानलेली आहे."

विहीर आली. त्यांनी फोन ठेवला, निवलेला चहा प्यायला आणि म्हणाले, "तरी पण मुलगी काढाच."

शेवटी बरीच घासाघीस होऊन त्याच दिवशी दोघंही ठेवायचे ठरले. सुरुवातीला ज्यानं त्यानं निवडायचं, ठकू की बिरू. मग आयकॉनवर कोण, यावर वाद. पुण्याहून फोनवर फोन. ते म्हणायचे बिरू, आम्ही म्हणायचो ठकू. वैतागून शबानानं आयकॉनवर कुत्रं काढलं, आणि ते कुणाच्याच डोळ्यात खुपलं नाही. बऱ्याच गावांत आमच्या गेमला अजून 'कुत्र्याचा गेम' म्हणतात. चालतंय. केतनसरांनी त्या दिवशी होकार दिला, म्हणून आमच्या तिघांच्या घरी चूल पेटली.

*

निवड ठेवल्यावर नवंच निघालं. कॉलेजच्या त्याच टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणायची, ठकू अंगानं हलकी, म्हणून जोरात पळते. दुसरी म्हणायची, पळत असेल, पण बिरूची उडी लांब जाते. भांडण हातघाईवर आलं, म्हणून मी नितीनसरांना बोलावून घेतलं. सरांनी समजावून सांगितलं, की दोघांचा वेग एक, उडी एक. आकडे त्यांनी स्वतः टाकलेत. आत सगळं तेच आहे, फक्त चित्र वेगळं.

पोरांनी ऐकून घेतलं. मग दोन्ही पार्ट्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"सर, राग मानू नका," त्यातला एक म्हणाला, "पण तुम्हाला तुमचाच गेम नीट माहीत नाय."

*

मला खात्री होती, की मुली ठकूच घेणार. मी स्वतः तिच्यासाठी भांडले होते ना. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या एका होस्टेलवर गेले. तिथं प्रियंका नावाची मुलगी होती, सोयगावकडच्याच एका खेड्यातली. खेळण्यात हात एवढा साफ, की तसा आमच्या ऑफिसातही कुणाचा नव्हता. पण प्रत्येक वेळी बिरूच निवडायची. मी विचारलं, "ठकू आवडली नाही का गं?"

"आवडली की. लई गोड हाय."

"मग बिरू का?"

ती खेळता खेळताच बोलली. "मॅडम, घरी पाणी मीच आणते. सुट्टीत गेले तरी मीच. भाऊ कधी हंडा उचलत नाय." बिरू विहिरीवर पोचला होता, वाकून पोहरा ओढत होता. तिनं गालाला हात लावून त्याच्याकडं बघितलं. "इथं तरी आणू दे की त्याला."

मी ऑफिसात येऊन सांगितलं, तेव्हा शबाना आधी हसली आणि मग कितीतरी वेळ बिरूच्या हाताचं चित्र सुधारत बसली. पोहरा ओढताना त्याचा हात जरा जास्त ताणलेला दिसावा म्हणून.

*

आता आमच्या नानांचं सांगते. नाना म्हणजे माझे वडील. आमची जमीन कंपन्यांच्या एरियात गेली. बैल विकले. नानांना सकाळी उठून कुठं जायचं, हेच उरलं नाही. ओट्यावर बसून ते रस्त्यावरचे डंपर बघायचे. माझी नोकरी त्यांना पसंत नव्हती. मी डी.एड. करावं, गावात राहावं, असं त्यांचं म्हणणं. "पोरीच्या जातीनं शहरात राहून गेम खेळायचे, अन् त्याचा पगार घ्यायचा, हे काय काम झालं?" असं ते आईला सांगायचे. मला थेट कधी नाही.

गेम आला तेव्हा मी जुन्या फोनवर टाकून तो घरी ठेवून आले. नानांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

महिन्याभरानं आईचा फोन आला. "अगं, तू ते काय देऊन गेलीस? ह्यांचं जेवणात ध्यान नाय. दिवसभर आपलं 'सरू, डावीकडं हो', 'सरू, दमानं', 'सरू, मागं लांडगा हाय बग.' मला वाटलं तूच आलीस का काय."

गेममध्ये नाव बदलायची सोय होती. ती नानांना कुणी दाखवली, कोण जाणे. त्यांनी ठकूचं नाव सरू केलं होतं.

मी त्यांना त्याबद्दल काही विचारलं नाही. मग एके दिवशी भर दुपारी, ऑफिसात सगळे कामात असताना, माझा फोन वाजला. नाना. नानांनी स्वतःहून मला कधीच फोन केला नव्हता. मी फोन घेऊन जिन्यात आले.

"नाना? काय झालं?"

"कुठं हायेस?"

"ऑफिसात आहे."

"बरी हायेस ना?"

"हो. बरी आहे. तुम्ही सांगा ना, काय झालं?"

नानांचा आवाज ओला होता. घरात मागं कुठंतरी आमच्या गेमची ती धून वाजत होती, भेगेत पडल्यावर वाजते ती.

"काय नाय," ते म्हणाले. "तुझी आई विचारत होती."

आणि लांबून आईचा आवाज आला, "मी? मी कवा विचारलं?"

नानांनी फोन ठेवून दिला.