इरल्याच्या कांबींची चौकट

भागूमावशीने सांभाळले नसते, तर मी पदवीधर झालो नसतो. आज मोच्याने दोऱ्याला मेण चोळले आणि त्या वासाने लढाईच्या काळातली लोणावळ्याची खोली आठवली.

घरमालक छपरावर रेडिओची तार बांधू देईना, म्हणून मी त्या तारेऐवजी आवाज पकडायला खोलीत मावेल अशी चौकट करत होतो. आंदर मावळातल्या गावाहून आलेल्या मावशीने त्यासाठी पावसात डोक्यावर घ्यायच्या मोडक्या इरल्याच्या बांबूच्या कांबी आणल्या होत्या. कांबींची फुली बांधून मी तिच्यावर मेण लावलेल्या, सुताने मढवलेल्या तारेचे वेढे घेतले. मावशी रीळ सोडत होती.

तार रेडिओच्या संचाला जोडल्यावर मी म्हणालो, "आता हळूच फिरव."

चौकट एका बाजूला वळताच खरखर विरली आणि कुणीतरी बातम्या सांगू लागले. मावशी हसली.

"आता दगडूकडं कसं धरू?"

दगडू तिचा मुलगा, फौजेतून आफ्रिकेत गेलेला. कित्येक महिने त्याचे पत्र नव्हते.

"मावशी, केंद्रावर जो बोलतो, त्याचाच आवाज येतो."

"मंग त्याला बी बोलू द्या म्हनावं. लय न्हाई, एक डाव 'आये' म्हनला तरी पुरं."

दिवेलागणीपर्यंत ती चौकट फिरवत बसली. तिला समजले नाही, असे तेव्हा वाटले होते. आता वाटते, समजले होते. हात थांबवायचे नव्हते, एवढेच.

दसऱ्यानंतर मी तिला गावी लिहिले: "ती. मावशीस सा. नमस्कार. फौजेच्या कचेरीत पुन्हा विचारले. दगडूची खबर नाही. तुझ्याजवळ राहता यावे म्हणून मी तळेगावच्या शाळेत नोकरी मागितली आहे. भातकापणीला एकटी उतरू नकोस. मी येतो."