पिडेची पट्टी

केशर विधवा झाली त्या साली दोन गावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: हिला घरात घ्यायचं नाही. नवरा तापाने गेला होता. सासरच्या गावाचा प्रमुख, गावकार लखू, तिचा थोरला दीर, म्हणाला, "ताप घिऊन आलीस, म्हायेरला जा." माहेरचा गावकार झिलू, तिचा चुलतभाऊ, म्हणाला, "दिलेली पोर. आमची न्हाई." कुंभारवाड्याकडच्या रानात ही दोन गावं समोरासमोरच्या टेकड्यांवर होती. मधल्या ओढ्याकाठी एक पट्टी होती, ती कुणाचीच नव्हती. केशरने तिथं खोपी घातली.

पट्टी बेवारस राहायला कारण होतं. दर साली दोन्ही गावं आपापली पीडा बाहेर काढायची. टोपलीत नारळ, मोडका झाडू, चिंध्यांची बाहुली आणि वर एक जिवंत कोंबडी. ढोल बडवत टोपली शिवेबाहेर, म्हणजे या पट्टीत, आणून टाकायची आणि मागे न बघता पळायचं. काय ते शूर! वाघाच्या रानात राहणारे गडी टोपलीला घाबरून धूम ठोकायचे आणि केशरला हसू आवरायचं नाही. नारळ ती खायची, टोपलीत नाचणी भरायची, कोंबड्या पाळायची. दोन्हीकडच्या बायका भाताच्या बदल्यात तिच्याकडून अंडी न्यायच्या, अर्थात नवऱ्यांना चोरून.

बारा वर्षांनी सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला. तोवर पट्टीत नाचणी कमरेएवढी झाली होती.

"ही जमीन कुणाच्या हद्दीत?" त्याने विचारलं.

"आमच्या!" लखू आणि झिलू एका दमात ओरडले. बारा वर्षं त्या बाजूला न थुंकलेली माणसं! केशरचं नाव एकानेही घेतलं नाही. पट्टी कुणाच्याही नावावर गेली तरी आपल्याला त्याच दिवशी हाकलणार, हे तिला कळलं. ती पुढे झाली.

"भावोजी, पट्टी तुमची व्हय?"

"व्हय. आज्याच्या काळापास्नं."

"मग बारा वरसं तुमची पीडा तुमच्याच गावात ऱ्हायली म्हना की."

लखूचा चेहरा उतरला. केशर भावाकडे वळली.

"दादा, तू घेतोस? भावोजींच्या बारा पीडा हायत, तुझ्या बारा. समद्या तुझ्या शिवेत."

झिलू चार पावलं मागे सरला. लखू त्याच्याही मागे.

"अरे, नाव काय लिहू?" मोजणीदार वैतागला.

"आमची न्हाई," लखू म्हणाला.

"आमची बी न्हाई," झिलू म्हणाला. "तिचीच असंल."

मोजणीदाराने केशरचं नाव लिहिलं. दोघे गावकार घाईघाईने आपापल्या वाटेला लागले, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"भावोजी, जाऊबाईस्नी सांगा, अंडी न्यायला उद्या या म्हनावं. तुमच्या औंदाच्या पिडेची कोंबडी लई घालाय लागलीया."

लखूने घरी जाऊन चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचलून बघितलं. आत अंड्यांचं कालवण होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.