राहुटी, मेखा आणि मागची जागा

मोटारसायकलवर सामान बांधताना मागे बायकोला बसायला जागा ठेवायची असते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा शेवटची गाठ मारून झाली होती.

अडीच तास मी बांधत होतो. शालिनी नवं पातळ नेसून, डोक्याला रुमाल गुंडाळून ओट्यावर येऊन उभी राहिली. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी कुठे बसू?"

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. जिथे ती बसायची तिथे राहुटी बसली होती. राहुटीवर वळकटी, वळकटीवर घडीची खुर्ची, खुर्चीला कंदील. दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या पिशव्यांत स्टोव्ह, पातेली, डबे आणि सोळा मेखा. मागून पाहिलं तर घर बदलणारं एखादं कुटुंब चाललंय असं वाटावं. त्यातलं कुटुंब तेवढं बाहेर राहिलं होतं.

इथे सांगायला हवं की मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वस्तू जागच्या जागी ठेवणं हाच माझा व्यवसाय, आणि त्यावरच आमच्या आठ माणसांचं घर चालतं. चिंचवड गावात दोन खोल्या आहेत. या घरात शालिनी सतरा वर्षं चहा करते आहे. सगळ्यांचा देऊन झाला की तिचा उरतो, आणि तो ती चुलीपाशी उभ्याउभ्या, गार झालेला पिते. दिवाळीत मी सहज विचारलं, "तुला काही हवंय का?" तिने विचार केला आणि म्हणाली, "कुणीतरी केलेला चहा बसून प्यायचाय. घरात नको. घरात मला उठावं लागतं."

त्यासाठी ही सगळी यातायात. लष्कराच्या डिस्पोजलमधली, म्हणजे त्यांनी जुनी म्हणून विकायला काढलेली, मोटारसायकल माझ्याकडे होतीच. राहुटीही तशीच, जुन्या बाजारातली. आई आणि मुलं दोन दिवसांसाठी थेरगावला माझ्या बहिणीकडे गेली. चाकणच्या पुढे वाकीजवळ भामा नदीच्या काठी राहुटी ठोकायची, मी चहा करायचा आणि हिने बसायचं, असा बेत. सतरा वर्षांत आम्ही दोघंच कुठे गेलो नव्हतो. शेजारच्या गोदाकाकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "संध्याकाळी याल परत. भाकरी टाकून ठेवते."

"सोडतो आणि पुन्हा बांधतो," मी म्हणालो.

"म्हणजे दुपार झाली," शालिनी म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी टांग्याने नाशिकफाट्यावर जाते आणि तिथून एस.टी.ने चाकणला येते. पण ऐका. चाकणहून परतीची गाडी साडेबाराला आहे. तोवर मी थांबेन. तुम्ही आलात तर नदीवर, नाही तर मी घरी."

ती हे रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. भाजी काय आणायची ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

पिंपरीत हवा भरायला हसनभाईंच्या गॅरेजपाशी थांबलो. हसनभाई माझ्या गाडीचे वैद्य. दर महिन्याला तिची नाडी बघतात. त्यांनी उकिडवे बसून गाडी खालून वर पाहिली.

"साहेब, गाडीवर सामान है, का सामानाखाली गाडी?"

"हवा भरा."

"हवा भरतो. पण मी काय म्हणतो, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या देतो, त्याने बांधा. रबर ताणून धरतं. गाडी हलली तर तेपण हलतं. ये रस्सी नाय टिकणार."

"हसनभाई, मी चौदा वर्षं स्टोअरमध्ये आहे."

"स्टोअर हलतं का साहेब?"

मी गाडीला किक मारली.

दोराबद्दल मला खात्री होती. आमच्या विहिरीचा जाड दोर मी मुद्दाम सोडून आणला होता. सकाळी तो चिंब ओला होता आणि ओला दोर काय आवळून बसतो! गाठ मारताना बोटं वळली होती.

नाशिकफाट्यावरून वळलं की रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, त्यांच्यामागे ज्वारी, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पाठीवर होतं. मी गुणगुणतही असेन, पण गाडीचा आवाज असा, की माझं गाणं मलाच ऐकू येत नव्हतं. मागे एखादी तोफ पडली असती तरी कळलं नसतं.

भोसरीत पाणी प्यायला थांबलो. हॉटेलच्या बाकावर पागोटेवाला एक गृहस्थ बसला होता.

"राव, तुमचं कायतरी मागं पडलंय."

"नाही, मी सकाळी सगळं मोजून घेतलंय."

"सकाळी आसंल," तो म्हणाला आणि बिडी पेटवली.

कंदील जरा लोंबत होता. तो मी वर खोचला. दोर मघापेक्षा थोडा सैल वाटला, पण माणूस सकाळी जितका ताठ असतो तितका अकराला नसतो, दोराचंही तसंच असेल, असं म्हणून मी निघालो.

मोशीला रस्ता इंद्रायणीकडे उतरतो आणि पूल ओलांडला की चढ लागतो. उतारावर सगळं सामान हलकेच पुढे सरकून माझ्या पाठीला टेकलं. ते मला आधारासारखं वाटलं. चढावर ते तितक्याच शांतपणे मागे गेलं आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं. मी पडलो म्हणणं बरोबर नाही. गाडी घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहिली, तिने क्षणभर आजूबाजूचा मुलूख पाहिला आणि डाव्या अंगाला निजली. मी तिच्यासोबत होतो.

मागून कांद्याची एक बैलगाडी येत होती. धुरेवरचा म्हातारा उतरला, बैलांना "हो, हो" म्हणाला आणि माझ्यापाशी आला.

"लागलं का राव?"

"नाही."

"मंग उठा की."

त्यांचं नाव गेनबा. चाकणच्या बाजाराला चालले होते. गाडी उभी करायला त्यांनी हात लावला, मग मागचं सामान एका बोटाने दाबून पाहिलं. पुढचं चाक पुन्हा वर आलं.

"उलाळ झालीया तुमची गाडी." (उलाळ म्हणजे मागे जड. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो.) "बैल आस्ता तर मेला आस्ता. ह्यो दोर कुठला?"

"विहिरीचा."

"वलाच बांदला व्हय?"

"ओला घट्ट बसतो ना."

"बसतो की. आन वाळला म्हंजे?"

मी दोराकडे पाहिलं. तो वाळला होता. गाठी तशाच होत्या, फक्त त्यांच्या आत काही नव्हतं.

गेनबांनी सगळं सोडलं. रस्त्याच्या कडेला माझा संसार मांडला गेला आणि त्यात स्टोव्ह नव्हता. पिशवीच्या तळाला हातभर भोक पडलं होतं. पातेलं नव्हतं, मोगरी (मेखा ठोकायचा लाकडी हातोडा) नव्हती, आणि सोळातल्या दहाच मेखा उरल्या होत्या.

"मागं कोन बसनार?" गेनबांनी विचारलं.

"कुणी नाही. म्हणजे मंडळी आहेत. त्या एस.टी.ने येताहेत."

गेनबांनी खुर्चीकडे बोट केलं. "बाई येस्टीनं आन खुर्ची फटफटीवर?"

मी खुर्चीवरची धूळ झटकली.

"ह्ये बगा राव. आमी गाडी भरताना आदी मान्सं बसिवतो. मान्सांनी जागा धरली, की मंग पोती. पोतं कुटंबी बसतं. मानूस न्हाई बसत."

एवढं बोलून ते पटका सावरत मागच्या सीटवर चढले, बाईमाणसासारखे दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसले आणि म्हणाले, "ही बाईची जागा. म्या धरून बसतो. आता बांदा."

मी बांधू लागलो. गेनबा जागेवरून हुकूम सोडत होते. राहुटीचं कापड माझ्या पुढे, टाकीवर आडवं. खांब उजवीकडे लांबीने, वळकटी डावीकडे, वजनाला वजन. डबे खाली, चाकाच्या आसापाशी. दोर त्यांच्या गाडीतला, कोरडा. माझा त्यांनी पोत्यांवर टाकला. खुर्चीला जागा उरली नाही, तेव्हा तीही कायमचीच त्यांच्या गाडीत गेली. कांद्याच्या ढिगावर ती उघडी ठेवल्यावर बरी दिसत होती.

याच वेळी एक एस.टी. धूळ उडवत शेजारून गेली. खिडकीतून कुणीतरी टक लावून पाहत होतं. रस्त्यावरचे सगळेच पाहत होते, म्हणून मी सर्वसाधारण असा एक हात केला.

बारा वाजायला आले होते. स्टोव्ह मागे कुठेतरी पडलेला. तो नसेल तर चहा कशावर करणार? आणि चहा नसेल तर नदीवर जाऊन काय करणार? मी गाडीचं तोंड पुण्याकडे वळवलं.

"कुटं निगाला?"

"स्टोव्ह शोधायला."

"बाई चाकनात, आन तुमी हिकडं स्टो हुडकाया?" गेनबा बैलांकडे वळले. त्यांना बहुधा बैलांशीच बोलणं सोपं वाटलं. "तीन दगडं कुटंबी मिळत्यात, रं."

मी गाडी पुन्हा चाकणकडे वळवली.

चाकणला पोचलो तेव्हा बाजार भरलेला. कांद्याच्या गाड्यांमधून वाट काढत स्टँडवर गेलो. परतीची एस.टी. उभी होती, इंजिन चालू. कडुनिंबाखाली शालिनी आपल्या पिशवीवर बसली होती. तिच्यापुढे वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर ओळीने स्टोव्ह, पातेलं, मोगरी, पाच मेखा आणि पिशवीतली माझी एक चप्पल. आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती. मी दिसताच त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "हेच ते."

"भोसरीच्या अलीकडून सुरुवात झाली," शालिनी म्हणाली. "पहिल्यांदा मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. नंतर ड्रायव्हर आपणच थांबवायला लागला. पातेलं एका आजींना आधी दिसलं. एक मेख मिळाली नाही."

"तू मला मोशीला पाहिलंस?"

"पाहिलं. कंडक्टरने विचारलं, हेच का? मी म्हटलं, नाही, कुणी ओळखीचे नाहीत." तिने स्टोव्हवरची धूळ पुसली. "मला मागे जागा नव्हती ना? मग माझ्या जागेवर ते आजोबा कोण बसले होते? कुठे सोडलंत त्यांना?"

"ते कुठे जायला बसले नव्हते. जागा धरून बसले होते."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

जमलेली माणसं आता गाडीकडे पाहू लागली. खांब उजवीकडे, वळकटी डावीकडे, आणि मध्ये सीट, झाडून ठेवल्यासारखी रिकामी. शालिनी उठली. तिने सीटवर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घालून विचारलं, "ताई, येताय का परत?"

"नाही," शालिनी म्हणाली. "जागा मिळाली."

भामेचं पात्र तिथे रुंद आहे, पण पाणी गुडघाभर. काळे गुळगुळीत खडक, पलीकडे बाभळी आणि एक खंड्या. तो दिवसभर एकाच फांदीवर बसून होता, त्याला सामान नव्हतं. पंधरा मेखांवर राहुटी उभी राहिली. सोळावी जिथे हवी होती त्या बाजूला ती कललेली होती, त्यामुळे आत शिरताना नमस्कार घडे.

मग मी चहाला बसलो. शालिनी एका खडकावर, पाय पाण्यात सोडून. पहिला चहा उतू गेला, तेव्हा ती अर्धी उठली.

"बस," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा स्टोव्ह भडकला. ती पुन्हा उठू लागली.

"बस!"

तिसऱ्यांदा गाळणी सापडेना. ती उठली नाही. पदराचं टोक हातात घट्ट धरून नदीकडे बघत राहिली. मी माझ्या धुतलेल्या रुमालातून चहा गाळला आणि कप तिच्या हातात नेऊन दिला. सकाळी पिशवीत साखरेचा डबा आणि स्टोव्ह शेजारी-शेजारी ठेवायची कल्पना माझीच होती. मी एक घोट घेतला आणि मला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने कप संपवला आणि पुढे केला. मी पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी सामान तिने बांधलं. सगळे दोर दवाने भिजून तारेसारखे झाले होते. मी एक उचलला तर म्हणाली, "वाळू द्या तो." ही विद्या मी तिला शिकवली नव्हती. ती सतरा वर्षं त्याच विहिरीवर पाणी ओढते आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी आधी विचारायला हवं होतं, पण सामान बांधायला बसल्यावर ते सुचत नाही. पिंपरीला हसनभाईंनी गाडी पाहिली आणि रबराच्या पट्ट्या न मागता आणून हिच्या हातात दिल्या.

इतक्या प्रवासातून मी शिकलो ते एवढंच, की काय काय न्यायचं याची यादी मी उत्तम करतो. कुणाला न्यायचं ते यादीत वर लिहावं लागतं. सामानाचं काय, ते रस्त्यात पडलं तरी मागून कुणीतरी गोळा करत येतं. सगळ्यांच्याच मागून येतं असं मात्र नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाकाकू दारात उभ्या होत्या. आदल्या दिवशीच्या भाकऱ्या वाया गेल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काय गं, कशी झाली सहल? चहा केला का याने?"

"केला," शालिनी रुमाल सोडत म्हणाली. "रॉकेलचा वास होता त्याला." आणि आत जाता जाता म्हणाली, "पण काकू, दोन्ही कप मी बसून प्यायले."