व्याह्यांचे अनवाणी बूट

बूट कट्टकन मोडला. मोडला तो बरोबर वर चिकटवलेल्या मांजरीच्या मानेपाशी, आणि टाचेतला दिवा जो लागला तो विझेचना. दुकानदार हातात खोकी धरून तसाच उभा राहिला. माझी नात आर्वी, वय पाच, इतका वेळ बाकावर पाय हलवत बसली होती. ती खाली उतरली, फरशीवर सरळ आडवी झाली आणि तिनं असं भोकाड पसरलं की बाहेरच्या भाजीवाल्या उठून बघायला लागल्या. शिरूरचा बाजाराचा दिवस होता, बघणाऱ्यांना तोटा नव्हता. मोडक्या बुटाची दोन्ही टोकं हातात धरून माझे व्याही शांतपणे म्हणाले, "बघा इहीणबाई. म्हणलं नव्हतं? तळ वाकतच न्हाई."

"वाकला की आता," मी म्हणाले.

माझ्या व्याह्यांनी वाकवून पाहिला नाही असा बूट शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उरलेला नाही. हे माझ्या लेकीचे सासरे. केडगावजवळ त्यांची झेंडू-शेवंतीची शेती आहे. लेक-जावई नोकरीपायी शिरूरला राहतात, मी निमोण्याला, म्हणजे शिरूर आम्हा दोघांनाही हक्काचं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात; खरं नाव इथं लिहीत नाही, कारण चपलांचे दुकानदारही वाचत असतील आणि त्यांना ओळख पटली तर माणसाला पायरी चढू देणार नाहीत. बूट दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. आधी तो पुढून मागं दुमडायचा, मग धुणं पिळतात तसा पिळायचा, आणि शेवटी पुढच्या तोंडात मूठ घालून बोटं पसरायची. बोटं पसरली नाहीत तर बूट नापास. "भाकरी थापताना हाताची बोटं कशी सुटी पडत्यात, तशी पायाची पडली पायजेत," असं ते सांगतात. त्यांना भाकरी थापता येत नाही, तो भाग वेगळा.

हा नाद ते जागा बघून करत नाहीत. आमच्या भावकीतल्या एकाच्या दहाव्याला घोडनदीच्या काठी सगळी माणसं पिंडाला कावळा कधी शिवतो म्हणून वर बघत होती, आणि हे खाली चपलांच्या ढिगात बसून एकेक उचलून वाकवत होते. कावळा शिवला तरी यांचं चालूच. निमोण्यातल्या एका लग्नात तर यांनी मला मान खाली घालायला लावली. हल्ली नवरदेवाचे बूट पळवायची नवी फॅशन निघाली आहे, ते काम मेव्हण्या करतात. नवरदेव बोहल्यावर चढला आणि व्याह्यांना त्याचे टोकदार बूट मोकळे दिसले. वराकडच्या पोरांनी यांना मांडवाच्या खांबाआड बूट हातात असताना पकडलं. "आप्पा, तुम्ही मेव्हणी कवापासून झालात?" एकजण म्हणाला. व्याह्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "पळवत न्हाई रं, बघतोय. नवरदेवाला सांगा, ह्या बुटानं त्याच्या करंगळीचं वाटोळं व्हईल. संसार लांबचा हाय." नवरदेवाच्या मामांनी त्यांना जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं, म्हणजे नजरेसमोर राहतील.

माणूस मुळात वेडा नाही. लहानपणी ते अनवाणीच वाढले. काटा, ढेकूळ, उन्हाचा फुफाटा, पायाला सगळं ठाऊक. नंतर एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि पुढं लोखंडाची टोपी असलेला बूट मिळाला. त्यांच्या मापाचा शिल्लक नव्हता म्हणून एक नंबर लहान दिला, आणि हे "चालंल" म्हणाले. ते चाललं ते नोकरी सुटेपर्यंत. आता त्यांच्या पायाची बोटं बाजारच्या जीपमध्ये माणसं बसतात तशी एकमेकांच्या मांडीवर बसलेली आहेत. करंगळी तर कुठं गेली ते शोधावं लागतं. ते पाय कुणाला दाखवत नाहीत, चप्पलसुद्धा पुढून बंद असलेलीच घालतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "माझं जाऊ द्या," आणि समोरच्याची चप्पल उचलतात.

गेल्या दिवाळीला आर्वी केडगावला गेली होती. फुलांच्या वावरातून चिखल तुडवत आली, म्हणून व्याह्यांनी हौदावर तिच्या पायांवर पाणी घातलं. बघतात तो अंगठ्याचं नख काळंनिळं आणि अंगठा आत वळलेला. तिच्या बुटांवर टीव्हीतली कुठलीशी जांभळी मुकुटवाली मांजर होती. बूट मिरचीसारखे निमुळते, आणि केव्हाच लहान झालेले. पोरगी आत बोटं मुडपून चालत होती आणि घरात कुणाला कळू देत नव्हती. दुखतं म्हटलं तर मांजर काढून घेतील, एवढं तिला कळत होतं. व्याह्यांनी नखाला हात लावला तर डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणते, "आप्पा, न्हाई दुखत."

व्याही हौदाच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मांजर ऱ्हाईल. बूट बदलंल. आप्पाचा शब्द."

"न्हाई आणला तर मी हेच घालनार," आर्वी म्हणाली, आणि भाऊबीजेनंतर शिरूरला परतल्यावर तिनं ते बूट स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागं दडवले. लेकीनं फेकले असते, पण व्याह्यांनी फोन करून बजावलं, "हात लावू नका. इस्वासानं ठिवल्यात तिनं." तोवर तिला बोटं उघडी राहतील अशी सँडल घालायचं ठरलं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत बूट यायला हवे होते, कारण शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की शाळा उघडली की बूट पाहिजेत. आणि बूट आले नाहीत तर पोरगी जुन्यात पाय कोंबणार, हे तिनं तोंडानंच सांगितलं होतं.

जावयानं मोबाईलवर शोधून बेअरफूट नावाचे बूट दाखवले. व्याह्यांनी मला मुद्दाम फोन केला. "इहीणबाई, बेअरफूट म्हंजी अनवाणी. अनवाणी चालल्यावानी वाटणारे बूट निघाल्यात. पुढून रुंद, तळ पापडावानी."

"अनवाणीच चालायचं तर बूट कशाला?"

"काटा लागू नये म्हणून."

"मग चप्पल घाला."

"चपलेत बोटानं धरून चालाया लागतं. तुम्हांला न्हाई कळायचं."

बूट लक्ष्मीपूजनाच्या आधीच केडगावला आले. मऊ होते, रुंद होते, घडी करून पदराला बांधता येतील असे होते. रंग शेणाचा. मांजर नाही, मुकुट नाही, साधी टिकली नाही. आर्वीनं खोक्यात डोकावून विचारलं, "ह्यो बूट हाय का बटाटा?" पायात घालून दोन पावलं टाकली, मग काढून खोक्यात झोपवले आणि झाकण लावलं. तिथून व्याह्यांना कळलं की कंपन्यांनी आपसांत वाटणी करून घेतली आहे. पायाला बरा तो बूट मातीच्या रंगाचा, आणि ज्यावर मांजर तो पायाचा वैरी.

पण शब्द दिला होता. दौंडच्या दुकानांतून मांजरीचे बूट धुंडाळायचे, तर बरोबर माप हवं. दुकानातली पट्टी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. म्हणून आर्वी केडगावलाच होती तेव्हा व्याह्यांनी वाटीत कुंकू कालवलं, तिचं पाऊल त्यात बुडवून पुठ्ठ्यावर उमटवलं आणि वाळायला उंबऱ्याशी ठेवलं. लक्ष्मीपूजनाचा दिवस. माझी विहीण न्हाऊन बाहेर आली, तिला उंबऱ्यावर आत येणारं लाल पाऊल दिसलं. तिनं हात जोडले, पुठ्ठा उचलला आणि देवाऱ्यात ठेवून वर झेंडू वाहिला. व्याही मागायला गेले तर म्हणाली, "लक्ष्मीचं पाऊल खेटराच्या दुकानात न्येता? लाज कशी वाटत न्हाई?"

व्याह्यांनी कपड्यांची नीळ घेतली आणि दुसरं पाऊल निळं काढलं. निळ्याची कोण पूजा करतंय, असा हिशोब. विहिणीनं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, बाळकृष्ण." तेही देवाऱ्यात गेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ट्रॅक्टरचं काळं ऑइल घेतलं. "आता कर म्हणावं पूजा." त्याची पूजा झाली नाही, पण भाऊबीज होऊन गेली तरी पोरीचं पाऊल काळंच होतं, आणि माझी लेक सासऱ्यांशी फोनवर फक्त हूं हूं करत होती.

ते काळं पाऊल कापून खिशात घालून ते दौंडभर हिंडले. प्रत्येक मांजरीच्या बुटात पुठ्ठा सरकवायचा, तो चुरगळायचा, की पुढचं दुकान. दौंड संपलं तेव्हा शिरूरला आले आणि मला बोलावून घेतलं. "नात दोघांची हाय, तुम्हीबी चला." शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. शिरूरच्याही दुकानांत तेच. शेवटच्या दुकानात मात्र एका जोडात पुठ्ठा सरळ आत गेला, कुठं दुमडला नाही. वर मांजर होती, तिच्या डोक्यावर मुकुट होता, टाचेत दिवा होता. आर्वीनं टाळ्या पिटल्या. मी म्हणाले, "बसतोय ना? घ्या आणि चला."

"थांबा," व्याही म्हणाले. "वाकतोय का बघू द्या."

पुढचं सांगितलंच आहे.

दुकानदार म्हणाला, "आप्पा, बूट बघायला आलात का उसाची कांडी मोडायला?" दुसरा जोड त्याच्याकडं नव्हता. मोडका जोड आमच्या गळ्यात पडला. तो पिशवीत घेऊन आम्ही चालत घरी आलो, आणि टाचेतला दिवा पिशवीतून सगळ्या बाजारपेठेला डोळे मारत होता.  आर्वी घरात शिरली ती सरळ तांदळाच्या डब्याकडं गेली, मागून जुने बूट काढले आणि जमिनीवर बसून पाय आत कोंबायला लागली. ओठ घट्ट मिटलेले.

मी उठून काढून घेणार होते. व्याह्यांनी मला हातानं थांबवलं. ते तिच्यासमोर खाली बसले, आपली चप्पल काढली आणि पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. लेकीच्या लग्नापासून मी या माणसाला ओळखते, पण तो पाय त्यांनी उजेडात आपणहून ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला.

"ह्ये बघ," ते म्हणाले. "मीबी म्हणायचो, न्हाई दुखत."

आर्वीनं त्यांची बोटं एकेक करून बघितली. करंगळी सापडली नाही तेव्हा खाली वाकून शोधली. मग विचारलं, "तुमच्या बुटावर पण मांजर होती?"

"न्हाई बाय," व्याही म्हणाले. "मांजरबी नव्हती."

तिनं जरा विचार केला आणि बूट काढले. डब्यामागं परत ठेवले नाहीत, माझ्याकडं दिले.

मी आर्वीबरोबर शिरूरला आलेले शेणाच्या रंगाचे ते बटाटे खोक्यातून काढले. मोडक्या बुटावरची मांजर काढून डकवू म्हटलं, तर ती प्लास्टिकची, आणि व्याही लगेच म्हणाले, "त्यानं वाकायचा न्हाई." म्हणून माझ्या पिशवीतल्या जांभळ्या खणाच्या तुकड्यातून मांजर कापली. मी गोधड्या शिवते, मांजरी शिवत नाही. कान जमले, मुकुटही बरा झाला, पण मिशांना काळा दोरा घेतला तो जाड निघाला आणि टोकं वर वळली. नातीला दाखवली तर बघतच राहिली. बघून बघून शेवटी म्हणाली, "आजी, ही मांजर न्हाई. ह्ये आप्पा हायेत."

 मी व्याह्यांच्या वर वळलेल्या मिशांकडं बघितलं. पोरीचं खोटं नव्हतं.

"दुसऱ्यावर पण आप्पाच कर," ती म्हणाली.

शाळेत पोरांनी विचारलं हे कुठलं कार्टून, तर तिनं सांगितलं, "तुमच्या टीव्हीवर लागत न्हाई." आता पाय वाढला की केडगावहून नवे बटाटे येतात आणि मला नवे आप्पा शिवावे लागतात. लहान झालेला पहिला बूट व्याह्यांनी फुलांच्या टेंपोला मागं बांधला आहे. लोक काळी चप्पल बांधतात, यांचं मुकुट घातलेलं स्वतःचंच तोंड. दृष्ट लागू नये म्हणून, असं सांगतात. पहाटे फुलं भरून टेंपो निघतो तेव्हा चढायच्या आधी तो बूट एकदा वाकवून बघतात, असं विहीण म्हणते. मला ते खरं वाटतं.

आर्वीचं नख नवं आलं आहे आणि अंगठा सरळ होत चालला आहे. व्याह्यांचा आता व्हायचा नाही. पण हल्ली ते आमच्याकडं आले की चप्पल दारात काढतात आणि पाय पोटाशी न ओढता पसरून बसतात. नात करंगळी शोधते, ते शोधू देतात. त्या दिवशी दुकानात मोडलेली मांजर काही वाचली नाही. नातीचा पाय मात्र वाचला, आणि व्याह्यांचा उजेडात आला.